डोळे मिटल्याचे प्रमाणित करण्यात येते

मला दिवसातून दहा मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसायचं होतं. माणसाला यापेक्षा लहान इच्छा असू शकते असं मला वाटत नाही. बंगला नको, गाडी नको, मानसन्मान तर नकोच नको. फक्त दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांपायी तीन आठवड्यांत माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला, माझ्या डोक्यावर एक बादली पाणी पडलं, आमच्या टायपिस्ट बाईंनी भर कार्यालयात किंकाळी फोडली आणि चाळीस लहान मुलांसमोर माझं पितळ उघडं पडलं. लोक आपापल्या सोयीने हे प्रकरण सांगत असतात, म्हणून एकदा मीच सांगून टाकतो.

सुरुवात एका झाडापासून झाली. गेल्या वर्षी नातीच्या शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. नातीला घरात आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली अजून कुणी पाहिलेली नाही. शाळेने नेमकं तिलाच झाड केलं होतं. रंगमंचावर अशी सहा झाडं होती. मी तिसऱ्या रांगेत बसून डावीकडून दुसऱ्या झाडाला वीस मिनिटं हात हलवले, टाळ्या वाजवल्या, एकदा तर "शाब्बास!" म्हणून ओरडलो. ते झाड दुसऱ्याच कुणाचं निघालं. आमचं झाड उजव्या टोकाला उभं होतं आणि वीस मिनिटं हा सगळा प्रकार बघत होतं.  घरी आल्यावर दारात चपला काढताना भिंगरी म्हणाली, "आजोबा, त्या झाडाचे आजोबा आले नव्हते, म्हणून तुम्ही त्याला टाळ्या वाजवल्या ना?" मी "हो" म्हणालो. सात वर्षांच्या पोरीने मला निसटायला वाट करून दिली होती. इतकं ओशाळवाणं "हो" मी जन्मात म्हटलेलं नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजवा तर पुरता पिकला होता. पुढच्या कार्यक्रमाच्या आत डोळ्याचं ऑपरेशन करून घेईन, असा शब्द मी भिंगरीला दिला. शब्द देताना मला वाटलं होतं की प्रश्न डोळ्याचा आहे. तो निघाला रक्तदाबाचा. दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा नर्सने दंडाला पट्टा बांधला आणि आकडा आला एकशे शहात्तर. घरी मोजला तर एकशे चाळीस. दुसऱ्यांदा गेलो तर एकशे ब्याऐंशी. एकशे साठच्या वर त्या ऑपरेशनला हात लावत नाहीत.

"काका," डोळ्यांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुमचा डोळा तयार आहे. तुम्हीच तयार नाही." या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बोलायला लागल्या की आपण मधे शब्द घालायला जागाच नसते. "गोळी चालू ठेवा. पण रोज दहा मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसा. श्वास येतोय, जातोय, एवढंच बघायचं. बाकी काही करायचं नाही. तीन आठवड्यांनी सोमवारी या. तेव्हा जमलं नाही तर मग दोन महिन्यांनी, कारण मी मधे नसणार आहे."

त्या सोमवारनंतरच्या शनिवारी शाळेचा कार्यक्रम होता. म्हणजे सोमवार हुकला की शनिवार हुकला, आणि मी पुन्हा एकदा कुणाच्या तरी झाडाला टाळ्या वाजवणार. मात्र 'बाकी काही करायचं नाही' ही अट मला फार आवडली. पाणीपुरवठा कार्यालयात तीस वर्षं मी नेमकं हेच करत आलो आहे, असं आमच्या साहेबांचं मत आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी खोलीत खुर्ची टाकून डोळे मिटले.

"अहो, झोपलात?" बायकोने विचारलं.

"ध्यान करतोय."

"बरं, करा. कान उघडे आहेत ना? दूध ठेवलंय. वर यायला लागलं की सूं सूं आवाज येतो, तेवढं बंद करा."

आता ज्याला दुधाच्या आवाजाची वाट बघायची आहे, त्याने श्वासाकडे कसं बघायचं? मी प्रयत्न केला. श्वास आला, श्वास गेला, दूध गेलं. पुढची दहा मिनिटं ओटा पुसण्यात गेली. ओटा पुसतानाही मन एकाग्र होतं असं कुठेसं म्हटलेलं आहे म्हणे, पण ज्याने म्हटलंय त्याचा ओटा माझ्या बायकोने तपासलेला नसणार.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना कळलं. आमचे शेजारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. गल्लीत त्यांना सविस्तर म्हणतात, कारण 'किती वाजले' विचारलं तर ते घड्याळ कधी घेतलं इथपासून सुरू करतात. ते सकाळी पावणेसातला हातात ओळंबा घेऊन हजर झाले. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी राहिली आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात तो.

"ध्यानात सगळं महत्त्व कण्याला," असं म्हणून त्यांनी माझ्या मानेपासून ओळंबा सोडला. "हे बघा वहिनी, कमरेपाशी दोन इंच पोक आहे. ही भिंत असती तर मी बिल पास केलं नसतं."

"मी तीस वर्षं सांगतेय," बायको म्हणाली.

त्यानंतर माझ्या पोकावर त्या दोघांची पाऊण तास चर्चा झाली. मी चर्चेचा विषय असल्यामुळे मला हलता येत नव्हतं. रोज सकाळी सविस्तर प्रगती मोजायला येऊ लागले. आठवड्याअखेर पोक पाव इंचाने कमी झालं आणि रक्तदाब दहाने वाढला. घरी ध्यान होणे नाही, हे मी ओळखलं.

आमच्या कार्यालयात सर्वांत शांत जागा म्हणजे जुन्या फायलींची खोली. तिथे चाळीस वर्षांपूर्वीचे नळजोडणीचे अर्ज आहेत. त्यांतल्या काही अर्जदारांना अजून पाणी मिळालेलं नाही, पण त्यांची आता काही तक्रारही नाही. दुपारच्या सुट्टीत मी तिथे एका स्टुलावर जाऊन बसलो आणि काय सांगू, जमलं! फायलींचा तो जुनाट वास, वर एक संथ पंखा, ना दूध ना ओळंबा. श्वास आला, श्वास गेला. मला आयुष्यात पहिल्यांदा सरकारी फायलींबद्दल प्रेम वाटलं.

दोन वाजता सुट्टी संपली. दोन वाजून चार मिनिटांनी आमचा शिपाई फाईल शोधायला आला आणि त्याला मी दिसलो. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर समाधान. पंचवीस वर्षांत माझ्या चेहऱ्यावर समाधान त्याने पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी गेलो असंच त्याला वाटलं. तो ओरडत बाहेर गेला आणि बादली घेऊन आला. पाणीपुरवठा खात्यात पाणी हवं तेव्हा मिळतं अशी लोकांची एक गोड समजूत आहे. त्या दिवशी ती खरी ठरली.

मी ओलाचिंब होऊन उभा राहिलो तेव्हा दारात अख्खं कार्यालय जमलं होतं आणि सर्वांच्या मागे टाचा उंचावून साहेब.

संध्याकाळच्या आत मला पत्र मिळालं. 'कार्यालयीन वेळेत चार मिनिटे डोळे मिटून बसल्याबाबत लेखी खुलासा सादर करावा.' माझा स्वाभिमान जागा झाला. चार मिनिटांसाठी खुलासा? ज्या कार्यालयात लोकांनी चार-चार वर्षं डोळे मिटून काढली आहेत, तिथे? मी खुलासा लिहायला बसलो आणि तिथेच माझी चूक झाली. 'डॉक्टरांनी सांगितले म्हणून बसलो, क्षमस्व' एवढ्या एका ओळीत भागलं असतं. पण मी तीन पानं लिहिली. भिंगरीच्या शाळेने पालकांना एक पत्रक पाठवलं होतं, की आता रोज पहिल्या तासाआधी मुलं पाच मिनिटं शांत बसणार आहेत, त्याने अभ्यासात लक्ष लागतं, भांडणं कमी होतात वगैरे. मी ते पत्रक जोडलं. डॉक्टर बाईंची चिठ्ठी जोडली. आणि शेवटी जरा ठसका म्हणून लिहिलं, 'शाळा व दवाखाने यांना जे कळले ते कार्यालयांना कळेल तो सुदिन.'

साहेबांनी मला आत बोलावलं. मी खाली मान घालून उभा राहिलो.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"चुकलं साहेब."

"चुकलं काय? अहो, महिनाअखेर मला मुख्य कार्यालयाला कर्मचारी कल्याणाचा उपक्रम कळवायचाय. गेल्या वर्षी आपण कुंड्या ठेवल्या होत्या, त्या वाळल्या. त्याचा खुलासा अजून मी देतोय. बसा, बसा!"

साहेबांनी मला 'बसा' म्हटलं की काहीतरी अंगाशी येणार हे मी अनुभवाने जाणतो. दुसऱ्या दिवशी फलकावर आदेश लागला. 'सर्व कर्मचाऱ्यांनी रोज सकाळी ११.०० ते ११.१० या वेळेत शांतचित्त होणे बंधनकारक आहे. हयगय खपवून घेतली जाणार नाही.' खाली संयोजक म्हणून माझं पदनाम होतं.

खरं सांगतो, मला आनंदच झाला. रोज दहा मिनिटं सरकारी आदेशाने डोळे मिटायचे, यापेक्षा आणखी काय पाहिजे? पण उपक्रम म्हटला की नोंदवही आली. साहेबांनी स्वतः रकाने आखले होते. अनुक्रमांक, नाव, डोळे मिटल्याची वेळ, डोळे उघडल्याची वेळ, चित्त शांत झाले किंवा न झाले, शेरा. आणि पानाच्या तळाशी छापलेली ओळ, 'वरील सर्व कर्मचाऱ्यांनी माझ्या समक्ष डोळे मिटल्याचे प्रमाणित करण्यात येते.' त्याखाली संयोजकाची सही.

पहिल्या दिवशी अकराला मी "मिटा" म्हटलं आणि सर्वांबरोबर मीही मिटले. लगेच हेडक्लार्क बाईंचा आवाज आला. हेडक्लार्क बाईंच्या नजरेतून स्वल्पविरामही सुटत नाही.

"एक शंका आहे. 'समक्ष' म्हणजे बघून ना?"

"हो."

"मग तुमचे डोळे मिटलेले असतील तर आमचे मिटलेत हे तुम्ही बघणार कसं? खोटं प्रमाणपत्र होईल ते. उद्या कुणी चौकशी लावली तर?"

साहेबांनी एक डोळा उघडून विचार केला आणि निर्णय दिला. संयोजकाने डोळे उघडे ठेवावेत.

म्हणजे ज्या एका माणसाला डोळे मिटायचे होते, तो सोडून पंचवीस माणसं डोळे मिटून बसली. आणि त्यातून माझी नजर अशी. दोन हातांवरून मला चेहरा दिसतो, पण डोळे मिटलेत की उघडे हे दिसत नाही. खोटी सही मी जन्मात केलेली नाही. तेव्हा एकेका टेबलापाशी जाऊन, वाकून, अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळून मी तपासू लागलो. टायपिस्ट बाईंपाशी पोचलो तेव्हा त्या खरोखरच रंगल्या होत्या. त्यांच्या गालाला माझा श्वास लागला असावा. त्यांनी डोळे उघडले आणि चार बोटांवर माझा चेहरा बघितला. ती किंकाळी रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत गेली. त्या दिवशी पंचवीस नावांपुढे 'चित्त न झाले' अशी नोंद झाली. 'शांत' शब्द लिहायचा राहून गेला आणि तो राहिला म्हणून हेडक्लार्क बाईंनी लेखी टिप्पणी पाठवली.

तरीही ध्यान ही चीज खरी आहे, हे मला मान्य केलंच पाहिजे, कारण ते उघड्या डोळ्यांनी बघणारा मी एकटाच होतो. आठवड्याभरात हेडक्लार्क बाईंची डोकेदुखी थांबली. टायपिस्ट बाई गुणगुणायला लागल्या. शिपायाला आधीही झोप लागायची, पण आता ती नियमात बसल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. साहेबांनी एकदा मला चक्क "कृपया" म्हटलं, मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. खिडकीपुढे रांगेत उभे असलेले नागरिक पहिले दोन दिवस "हा काय तमाशा आहे?" म्हणून ओरडले. तिसऱ्या दिवशी तेही भिंतीला टेकून डोळे मिटू लागले. एक गृहस्थ त्यांचं काम होऊन गेल्यावरही रोज अकराला येत. घरी असं कुणी बसू देत नाही म्हणाले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण साहेबांनी लगेच बाहेरील व्यक्तींसाठी वेगळी नोंदवही काढली, त्यामुळे तो वेळ मिळाला नाही.

सगळ्या कार्यालयाचा रक्तदाब खाली आला. माझा मात्र वर चढत एकशे सत्तरवर जाऊन अडकला.

इकडे भिंगरीने वर्गात सांगून टाकलं होतं की माझे आजोबा ध्यानाचे मुख्य आहेत. ऑपरेशनला चार दिवस राहिले असताना शाळेतून बोलावणं आलं, मुलांना ध्यानाच्या फायद्यांवर दोन शब्द सांगा. मी कोट घालून गेलो. वर्गात चाळीस मुलं, पहिल्या बाकावर भिंगरी, मान ताठ. मी शाळा, दवाखाने, कार्यालये असे तिन्ही मुद्दे घेऊन खणखणीत भाषण ठोकलं. टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरच्या एका दात पडलेल्या मुलीने हात वर केला.

"तुम्ही डोळे मिटता तेव्हा काय होतं?"

साधा प्रश्न होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीतच नाही. फायलींच्या खोलीतली काही मिनिटं सोडली तर मी डोळे मिटलेच नव्हते. थाप मारता आली असती. पण पहिल्या बाकावरून एक जोडी डोळे माझ्याकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांना मी एकदा खोटं "हो" म्हणालेलो होतो.

"मला अजून जमलेलं नाही," मी म्हणालो. "मी फक्त दुसऱ्यांचे डोळे मिटलेत का ते बघतो. माझे मिटायला मला कुणी देत नाही."

 मला वाटलं, संपलं. भिंगरीची मान आता खाली जाणार. पण ती उठून सरळ माझ्यापाशी आली आणि माझा हात धरून माझ्याच पोटावर ठेवला.

"सोपं आहे, आजोबा. पोट वर आलं की एक. परत वर आलं की दोन. दहापर्यंत मोजायचं. मधेच दुसरं काही आठवलं की परत एकपासून."

"तू पोचतेस दहापर्यंत?"

"मी सातपर्यंत पोचते. मग मला डबा आठवतो."

"मी तीन!" कुणीतरी ओरडलं. "मी चार!" मग सगळा वर्गच आपापले आकडे सांगू लागला. दहापर्यंत कुणीही पोचलेलं नव्हतं आणि त्याचं कुणालाही वाईट वाटत नव्हतं. मला एकदम फार हलकं वाटलं. "चला, आपण आत्ताच करू," मी खुर्चीत बसत म्हणालो. तेवढ्यात त्यांच्या बाई लगबगीने पुढे आल्या. "फार छान! तुम्ही आहातच तर जरा मागची रांग बघाल का? तिथली मुलं डोळे उघडतात."

मी मागची रांग बघितली.

निघताना भिंगरी फाटकापर्यंत आली. तिचा चेहरा जरा उतरला होता. "आजोबा, या वर्षी आमचा वर्ग स्टेजवर ध्यान करून दाखवणार आहे. चाळीसच्या चाळीस. सगळ्यांचे कपडे पांढरे. सगळ्यांचे डोळे मिटलेले." मग म्हणाली, "मी कुठली ते कळेल ना?"

गेल्या वर्षी सहांत चुकलो होतो. आता चाळीस होते.

सोमवारी दवाखान्यात मी, बायको आणि सविस्तर असे तिघं पोचलो. सविस्तर वाटेत मोतीबिंदूचा इतिहास सांगत होते. तो ऑपरेशनच्या शोधापर्यंत यायच्या आत दवाखाना आला, हे त्यातल्या त्यात बरं. नर्सने पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

डॉक्टर बाईंनी आकडा बघितला, मला बघितलं. "काका, काका, काका." त्या पुन्हा मोजायला गेल्या आणि पट्टा टर्रकन फाटला. दुसरं यंत्र वरच्या मजल्यावर होतं आणि ज्याच्याकडे होतं तो जेवायला गेला होता. "ठीक आहे," बाई म्हणाल्या, "तोवर थेंब घालून ठेवू. तासाभराने बघू. जास्त असलं तर मात्र घरी."

मला एका लांब खोलीत नेलं. भिंतीशी ओळीने खुर्च्या, त्यांत माझ्यासारखीच नऊ माणसं. नर्सने माझ्या डोळ्यात थेंब घातले आणि म्हणाली, "आता मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. बोलायचं नाही. नातेवाईक बाहेर."

"मी त्यांना थोडक्यात समजावून–" सविस्तर दारातून म्हणाले.

"बाहेर."

दार बंद झालं. मी डोळे मिटून बसलो. दूध नव्हतं. पोकाची कुणाला फिकीर नव्हती. नोंदवही तर नव्हतीच. माझ्या समक्ष कुणी काय केलं हे पाहण्याची जबाबदारी या जगात कुणीही माझ्यावर टाकलेली नव्हती. मी हात पोटावर ठेवला. एक. दोन. तीनला शनिवार आठवला, परत एक.

नर्सची पावलं खुर्च्यांपुढून फिरत होती. "आजी, उघडू नका. काका, मिटलेत ना? बघू." ती प्रत्येकापाशी थांबत होती, वाकून बघत होती. मला ती चाल ओळखीची वाटली. अरे, ही तर संयोजक! मला तिच्याबद्दल इतकी माया वाटली की राहवलं नाही.

"ताई, तुम्ही कधी हो मिटता डोळे?"

"बसमध्ये," ती हसून म्हणाली. "बोलू नका."

आणि मग मला हसू यायला लागलं. ओळंबा आठवला, बादली आठवली, टायपिस्ट बाईंपुढचं माझं तोंड आठवलं, आणि एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर दोन पापण्या खाली घेण्यासाठी. पोट हसण्यानेच वरखाली व्हायला लागलं. हळूहळू हसू ओसरलं, पोट मात्र वरखाली होत राहिलं. एक. दोन. चार. सात. सातला मी मुद्दाम थोडा थांबलो, तिथे भिंगरी असेल म्हणून. आठ.

दंडाला काहीतरी आवळलं. "काका."

"थांबा हो, नववा चाललाय."

"चालू दे तुमचा नववा," डॉक्टर बाईंचा आवाज आला. "एकशे चौतीस आहे. घ्या यांना आत."

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मी दहा मोजायच्या नादात होतो. शनिवारी काळा चष्मा लावून मी तिसऱ्या रांगेत बसलो. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सविस्तर. मधल्या दिवसांत कार्यालयातून शिपाई येऊन सांगून गेला होता की प्रमाणित करायला कुणी नसल्यामुळे आठवडाभर सगळे नुसतेच डोळे मिटून बसताहेत आणि कुणाच्या काही लक्षातही आलेलं नाही. मी तोंडदेखला खेद व्यक्त केला.

पडदा वर गेला. चाळीस मुलं मांडी घालून बसली होती, चाळीस पांढरे सदरे, नीट विंचरलेली चाळीस डोकी. मी चष्मा वर केला आणि अजून न केलेला डावा डोळा हाताने झाकला. उजव्याने बघितलं, आणि मला रडूच आलं. सगळं दिसत होतं! सदऱ्यांची बटणं दिसत होती. त्या दात पडलेल्या मुलीच्या दातांतली फट दिसत होती. मागच्या रांगेतल्या मुलाच्या गालावरची शाई दिसत होती. त्यांच्या बाईंनी घंटी वाजवली आणि पापण्यांच्या चाळीस जोड्या टपकन खाली आल्या. सभागृह चिडीचूप झालं. मी एकेक चेहरा बघत निघालो. ही नाही, ही नाही, हा तर मुलगाच आहे.

चौथ्या रांगेत, उजवीकडून दुसऱ्या मुलीने एक डोळा उघडला.

एकच. तो डोळा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेवरून फिरला, दुसरीवरून फिरला आणि तिसऱ्या रांगेत येऊन माझ्यावर थांबला. मी एक डोळा झाकून बसलेला, ती एक डोळा मिटून बसलेली. बाई कडेने खुणा करत होत्या, मिट, मिट! पण तिला अजून खात्री करून घ्यायची होती. मी हात वर केला आणि भर शांततेत, सगळ्या पालकांच्या नजरा झेलत, उजवीकडून दुसऱ्या मुलीला हात हलवला. तिच्या तोंडभर हसू पसरलं. मग तिने डोळा मिटला आणि पोटावर हात ठेवला.

तेव्हा मी असं प्रमाणित करतो की, वरील चाळीसपैकी एकोणचाळीस मुलांनी माझ्या समक्ष डोळे मिटले होते. चाळिसावीने मिटले नव्हते, आणि ती माझी होती.